पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना

इंग्लंडच्या एफ. ए. कप स्पर्धेचा १९२३ सालचा अंतिम सामना बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम युनायटेड या दोन क्लबांमध्ये २८ एप्रिल रोजी झाला आणि बोल्टनने तो २-० असा जिंकला. लंडनच्या वायव्येला नुकत्याच उभ्या राहिलेल्या वेम्ब्ली स्टेडियममधला हा पहिलाच सामना. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे. प्रत्यक्षात आत शिरलेली माणसे दोन लाखांच्या घरात असावीत असे बहुतेक अंदाज सांगतात. काही अंदाज तर तीन लाखांपर्यंत जातात. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला, सुरू होऊन पुन्हा थांबला, आणि खेळाडूंना मध्यंतरातही मैदान सोडता आले नाही. एवढे सगळे होऊनही लोकांच्या लक्षात राहिला तो एका पोलिसाचा घोडा. इंग्लंडमध्ये आजही हा सामना ‘पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना’ म्हणूनच ओळखला जातो.

एफ. ए. कप ही जगातली सर्वांत जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. ती १८७१-७२ च्या हंगामात सुरू झाली. पहिला अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर झाला. क्रिकेटमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले ओव्हल ते हेच. वाँडरर्स नावाच्या संघाने रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाला १-० असे हरवले आणि सामना पाहायला जेमतेम दोन हजार माणसे होती. सुरुवातीची दहा-अकरा वर्षे ही स्पर्धा उच्चभ्रू शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या हातात राहिली. १८८३ मध्ये उत्तरेकडच्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या कामगारवर्गीय संघाने ओल्ड इटोनियन्सना हरवले आणि कप कारखान्यांच्या मुलखात गेला. स्पर्धा निव्वळ बाद फेऱ्यांची, हरला तो घरी गेला. त्यामुळे खालच्या श्रेणीतल्या संघालाही एखादा हंगाम साधला तर थेट अंतिम सामन्यापर्यंत मजल मारता येई. लीगच्या लांबलचक गुणतक्त्यापेक्षा सामान्य माणसाला या स्पर्धेचे वेड अधिक होते ते यामुळे.

गर्दीही त्या वेडाच्या मानाने वाढत गेली. १८९५ पासून १९१४ पर्यंत अंतिम सामने दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर होत. १९०१ साली तिथे १,१०,८२० प्रेक्षक जमले होते आणि १९१३ साली १,२१,९१९. पहिल्या महायुद्धात ते मैदान लष्कराच्या ताब्यात गेले. युद्ध संपल्यावर तीन वर्षे अंतिम सामना चेल्सीच्या स्टॅम्फर्ड ब्रिजवर भरवला गेला. तिथे १९२० मध्ये पन्नास हजार, १९२१ मध्ये बहात्तर हजार आणि १९२२ मध्ये त्रेपन्न हजारांच्या आसपास लोक आले. स्पर्धा भरवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने हेच अलीकडचे आकडे डोळ्यांसमोर ठेवले. सव्वा लाखाचे नवे स्टेडियम भरणार तरी कसे, ही त्यांची खरी चिंता होती. म्हणून काही राखीव जागा सोडल्या तर तिकिटे आगाऊ विकायची नाहीत, येईल त्याने दारात पैसे भरून आत जावे, असे ठरले. नव्या स्टेडियमची जाहिरातही जोरात केली गेली. दहा वर्षांपूर्वी एक लाख बावीस हजार माणसे आली होती, हे मात्र कोणी फारसे मनावर घेतले नाही.

वेम्ब्लीची ती जागा मुळात एका फसलेल्या स्वप्नाची. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा बांधायला घेतला होता. पहिल्या टप्प्यापलीकडे तो कधी गेलाच नाही. लोक त्याला ‘वॉटकिनचा मूर्खपणा’ म्हणू लागले आणि १९०७ मध्ये तो सुरुंग लावून पाडला गेला. त्याच माळावर ब्रिटिश साम्राज्याचे प्रदर्शन भरवायचे ठरले, १९२४ सालासाठी. हिंदुस्थानसह साऱ्या वसाहतींचे मंडप, आणि त्या सर्वांच्या मधोमध एक भव्य स्टेडियम. जॉन सिम्पसन आणि मॅक्सवेल एर्टन हे वास्तुविशारद, ओवेन विल्यम्स हे अभियंते आणि सर रॉबर्ट मॅकअल्पाइन यांची कंपनी कंत्राटदार. काँक्रीटचे हे अवाढव्य काम तीनशे दिवसांत आणि साडेसात लाख पौंडांत पुरे झाले. प्रवेशद्वाराशी दोन शुभ्र मनोरे, प्रत्येकी १२६ फूट उंच. पुढे ऐंशी वर्षे हे दोन मनोरे म्हणजेच इंग्लिश फुटबॉलचे बोधचिन्ह होऊन बसले. सामन्याला जेमतेम चार दिवस उरले असताना बांधकाम संपले. पायऱ्यांची मजबुती तपासायला सैनिकांची एक पलटण पाय आपटत त्यांवरून फिरवण्यात आली. काँक्रीट टिकते का, ते पाहिले गेले. माणसे आत कशी येतील, कुठे अडतील आणि कुठून बाहेर पडतील, याची रंगीत तालीम कोणी केली नाही.

अंतिम फेरीत पोहोचलेले दोन्ही क्लब कामगार वस्तीतले. बोल्टन हे लँकशायरचे गिरणगाव. मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांमध्ये ज्या ‘म्यूल’ साच्यांवर सूत निघे, तो साचा शोधणारा सॅम्युएल क्रॉम्प्टन याच गावचा. बोल्टनचा क्लब १८७४ मध्ये एका चर्चच्या शाळेतून जन्माला आला. १८९४ आणि १९०४ असे दोन अंतिम सामने तो हरला होता, त्यामुळे कप गावात आणायची इच्छा जुनी होती. संघाचा सगळा भार आघाडीपटू डेव्हिड जॅकवर. देखणा, चपळ, चेंडू पायाला चिकटल्यासारखा खेळणारा. उपांत्य सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर बोल्टनने शेफील्ड युनायटेडला १-० हरवले, तो गोलही त्याचाच. जो स्मिथ हा कर्णधार, आणि गोलरक्षक डिक पिम हा डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या टॉपशॅम गावचा मासेमार.

वेस्ट हॅम हा लंडनच्या पूर्व भागातला, गोदी कामगारांचा संघ. थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांनी १८९५ मध्ये काढलेला क्लब १९०० पासून नव्या नावाने खेळू लागला. त्याला ‘हॅमर्स’, म्हणजे हातोडेवाले, हे टोपणनाव मिळाले ते त्या कारखान्यामुळे. १९२३ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीतला होता आणि त्याच हंगामात त्याने वरच्या श्रेणीत बढती मिळवली. उपांत्य सामन्यात त्याने डर्बी काउंटीचा ५-२ असा धुव्वा उडवला होता. व्हिक वॉटसन हा त्यांचा गोल करणारा खेळाडू; त्याचा एकूण ३२६ गोलांचा विक्रम त्या क्लबमध्ये अजून कोणी मोडलेला नाही.

या सगळ्यात गर्दीच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट एकच होती: लंडनचा संघ लंडनमध्येच अंतिम सामना खेळत होता. त्यात शनिवार, म्हणजे कारखान्यांना दुपारनंतर सुट्टी. हवा स्वच्छ, लख्ख ऊन. नवे स्टेडियम पाहण्याचे कुतूहल वेगळेच, आणि खुद्द राजे पंचम जॉर्ज येणार अशी वार्ता. वेम्ब्लीला रेल्वेची सोय उत्तम होती आणि लंडनच्या कुठल्याही कोपऱ्यातून तास-दीड तासात पोहोचता येई. शिवाय तिकीट दारातच मिळणार होते, मग कोण घरी बसणार?

सकाळी साडेअकराला दारे उघडली. एक वाजेपर्यंत लोक शिस्तीत आत येत होते. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत चित्र पालटले. पायऱ्या ठिकठिकाणी दाटल्या, पण कोणता भाग भरला आणि कोणता रिकामा हे सांगणारे कोणी नव्हते. नवख्या स्टेडियममध्ये वाट दाखवणारे मदतनीस मोजके आणि तेही गोंधळलेले. पावणेदोनला दारे बंद करायचा हुकूम निघाला. तोवर आगगाड्या मात्र दर काही मिनिटांनी नवी माणसे आणून ओततच होत्या. बाहेर अडकलेल्यांना आत जागा नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि कळले असते तरी पटले नसते. सव्वादोनच्या सुमारास त्यांनी अडसर मोडले, भिंतींवर चढले, फाटकांवरून उड्या टाकल्या. राखीव तिकिटे खिशात असलेल्या कित्येकांना आपल्या जागेपर्यंत पोहोचताच आले नाही. बोल्टनच्या खेळाडूंची बस स्टेडियमपासून मैलभर अलीकडे अडकली. त्यांना उतरून गर्दीतून वाट काढत चालत यावे लागले.

मागून रेटा वाढला तशी खालच्या पायऱ्यांवरची माणसे चेंगरू लागली. त्यांच्यापुढे मैदानाचा बुटका कठडा होता. तो ओलांडून ती हिरवळीवर उतरली, आधी शेकड्यांनी, मग हजारांनी. सामन्याच्या वेळेला मैदानावर गवताचा एक तुकडाही दिसेना. गोलचे खांब माणसांत बुडाले होते. पावणेतीनला राजे आले, बँडने राष्ट्रगीत वाजवले आणि मैदानावर उभ्या असलेल्या त्या अफाट समुदायाने टोप्या काढून ते गायले. दंगल करायला आलेली माणसे असे वागत नाहीत. त्या लोकांना फक्त जायला जागा नव्हती.

मैदान मोकळे करायला घोडेस्वार पोलीस बोलावले गेले. त्यांतला एक जॉर्ज स्कोरी हा शिपाई. लष्कराच्या घोडदळात नोकरी करून १९१९ मध्ये तो लंडनच्या पोलीस दलात आला होता. त्याचा घोडा बिली. बिली खरे तर करड्या रंगाचा होता, पण त्या काळच्या कृष्णधवल चित्रफितीत काळ्या कोटांच्या आणि टोप्यांच्या समुद्रात तो पांढराशुभ्र दिसतो. स्कोरीने मैदानाच्या मध्यापासून सुरुवात केली. घोडा दामटायचा नाही, लाठी उगारायची नाही. पुढच्या रांगेतल्या लोकांनी एकमेकांचे हात धरायचे आणि घोडा आपल्या नाकाने, कुशीने हळूच रेटेल तसे एकेक पाऊल मागे सरायचे. असे करत त्याने वर्तुळ रुंदावत नेले. जिथे लोक हटत नव्हते तिथे तो समजूत घाले, थट्टा करे. इतर घोडेस्वारही हेच काम करत होते. त्यांचे घोडे गडद रंगाचे होते, म्हणून ते चित्रफितीत उठून दिसत नाहीत आणि इतिहासातही नाहीत. खेळाडूही लोकांना मागे सरकायच्या विनवण्या करत फिरत होते. शेवटी माणसे सीमारेषेपर्यंत मागे गेली, पण रेषेच्या पलीकडे नाही. चहूबाजूंनी प्रेक्षकांची जिवंत भिंत, आणि बूट अगदी रेषेला टेकलेले.

तीन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी सामना सुरू झाला. दुसऱ्याच मिनिटाला वेस्ट हॅमचा जॅक ट्रेसॅडर्न थ्रो-इन करायला रेषेबाहेर गेला आणि गर्दीत अडकला. परत मैदानात येईपर्यंत चेंडू बोल्टनकडे गेला होता. डेव्हिड जॅकने बचाव चुकवून चेंडू जाळ्यात मारला. वेम्ब्लीवरचा पहिला गोल. फटका इतका जोरदार की जाळ्याला चिकटून उभा असलेला एक प्रेक्षक चेंडू लागून कोसळला, असे सांगतात. अकराव्या मिनिटाला गर्दी पुन्हा आत लोटली, खेळ थांबला, घोडे पुन्हा आले. जखमींना खेळाच्या पट्ट्यातूनच उचलून न्यावे लागत होते.

मध्यंतरात संघ कपडे बदलायच्या खोलीकडे जाऊच शकले नाहीत. पाचेक मिनिटे मैदानातच उभे राहून त्यांनी बाजू बदलल्या. दुसऱ्या सत्रात आठव्या मिनिटाला डाव्या बगलेवरून बोल्टनच्या टेड व्हिझार्डने चेंडू मध्ये दिला आणि जॅक स्मिथने तो गोलकडे फटकावला. चेंडू आत गेल्यासारखा दिसला आणि तितक्याच वेगाने परत मैदानात आला. वेस्ट हॅमचे खेळाडू म्हणाले, चेंडू खांबाला लागून आला; शिवाय व्हिझार्डकडे तो एका प्रेक्षकाच्या पायाने गेला होता. पंच डेव्हिड अ‍ॅसन यांचा निर्णय असा की चेंडू जाळ्यात गेला आणि जाळ्याला टेकून उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या अंगावर आपटून परत आला. गोल कायम राहिला. आजच्यासारखी पुनर्दृश्याची सोय असती, तरी माणसांनी भरलेल्या त्या जाळ्यात नक्की काय घडले हे कळले असते का, याची शंकाच आहे.

वेस्ट हॅमचा कर्णधार जॉर्ज के याने सामना रद्द करावा असे पंचांना सुचवले. जो स्मिथचे उत्तर होते की आमचे बरे चालले आहे, लागल्यास अंधार पडेपर्यंत खेळू. दोन गोलांनी पुढे असलेल्या कर्णधाराने दुसरे काय म्हणावे! वेस्ट हॅमचा खेळ बगलेवरच्या वेगवान खेळाडूंवर उभा होता. त्यांना पळायला रेषेलगतचा जो पट्टा लागतो, तिथेच माणसांच्या पायांची गर्दी आणि घोड्यांच्या टापांनी पडलेले खड्डे. त्यांच्या प्रशिक्षकाने सामन्यानंतर पराभवाचे खापर त्या पांढऱ्या घोड्याच्या टापांवर फोडले. तक्रार पोकळ नव्हती. पण मैदान दोघांना सारखेच होते, आणि मधल्या पट्ट्यातून छोटे पास देत जाणारा बोल्टनचा खेळ त्या मैदानावर अधिक चालला, हेही तितकेच खरे. राजांनी कप जो स्मिथच्या हाती दिला.

सुमारे एक हजार लोकांना दुखापती झाल्या, बहुतेक किरकोळ. वीस-बावीस जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मृत्यू एकही नाही. या एका वस्तुस्थितीने त्या दिवसाची साऱ्या पुढच्या काळासाठीची ओळख ठरवली. दोन-चार माणसे जरी गेली असती, तर तो दिवस चौकशीच्या अहवालांत राहिला असता. कोणी दगावले नाही, म्हणून तो दंतकथेत गेला. स्कोरीला पुढल्या अंतिम सामन्यांची आमंत्रणे आली, पण त्याला फुटबॉलची गोडी नव्हती. तो गेला नाही.

दोनच दिवसांनी ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. ऑस्वल्ड मोस्ली या सदस्याने, जो पुढे इंग्लंडमधला फॅसिस्ट नेता झाला, प्रेक्षकांना गुंड म्हटल्यावरून सभापतींनी त्याला समज दिली. सामन्याचे उत्पन्न २७,७७६ पौंड झाले होते. जागेपर्यंत पोहोचू न शकलेल्या राखीव तिकीटधारकांना असोसिएशनने त्यातला सुमारे दहावा हिस्सा परत केला. पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्याची सर्व तिकिटे आगाऊच विकायची असे ठरले, आणि तो नियम कायम राहिला. सरकारने माजी गृहमंत्री एडवर्ड शॉर्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९२४ मध्ये अहवाल दिला: मोठ्या मैदानावर एकच जबाबदार अधिकारी असावा, पोलीस आणि व्यवस्थापन यांची कामे स्पष्ट वाटलेली असावीत, मदतनीस प्रशिक्षित असावेत. फुटबॉल असोसिएशनने समितीपुढे साक्ष द्यायलाही नकार दिला. तरीही समितीने मैदानांना परवान्याची सक्ती सुचवली नाही. खेळाच्या संस्था आपण होऊन सुधारणा करतील असे तिने मानले.

घोड्याच्या कथेने इथे नुकसान केले, कारण तिने खरा धडा झाकून टाकला. स्कोरीचे कौशल्य आणि संयम खरेच. पण त्या दिवशी माणसे वाचली ती मुख्यतः कठडा बुटका होता म्हणून. गुदमरणाऱ्यांना पुढे मोकळे मैदान मिळाले. ज्या प्रकाराला वर्तमानपत्रांनी ‘मैदानावर आक्रमण’ म्हटले, तोच सुटकेचा मार्ग होता.

मैदान हाताशी असूनही पुरे पडत नाही, हे तेवीस वर्षांनी दिसले, आणि तेही बोल्टनच्याच मैदानावर. ९ मार्च १९४६ रोजी बर्नडन पार्कवर बोल्टन आणि स्टोक सिटी यांच्यात याच कपाचा सामना होता. पुन्हा दारात पैसे भरून प्रवेश, अंदाजापेक्षा कितीतरी अधिक लोक, बंद दारे, आणि रेल्वेमार्गाच्या बाजूने व भिंतींवरून आत शिरलेली हजारो माणसे. कोपऱ्यातले दोन अडसर वाकले आणि ३३ जण चिरडून मेले. सामना काही वेळ थांबवून पुन्हा सुरू केला गेला. मैदानाच्या कडेला झाकून ठेवलेल्या प्रेतांना वगळून लाकडाच्या भुशाने नवी सीमारेषा आखली होती. मध्यंतर घेतले नाही, संघांनी लगेच बाजू बदलल्या. स्टोककडून स्टॅन्ली मॅथ्यूज त्या दिवशी खेळत होते. मोल्विन ह्यूज यांच्या चौकशी अहवालाने मैदानांना परवाना आणि प्रेक्षकसंख्येची मर्यादा सुचवली. कायदा झाला नाही. तो व्हायला ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर १९७१ मध्ये ६६ जणांचा बळी जावा लागला. मैदान सुरक्षा कायदा १९७५ मध्ये आला.

दरम्यान प्रेक्षकांच्या हाणामाऱ्यांना आळा घालायला इंग्लंडमधल्या मैदानांभोवती उंच लोखंडी जाळ्या उभ्या राहिल्या होत्या. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरोवर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातल्या कपच्या उपांत्य सामन्यात मागून रेटा आला, तेव्हा पुढच्यांना ती जाळी ओलांडता आली नाही. ९७ माणसे गेली. लॉर्ड टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर जाळ्या निघाल्या आणि वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर उभे राहून सामना पाहण्याच्या पायऱ्या बंद होऊन प्रत्येकाला खुर्ची आली.

त्या दिवशीच्या दोन्ही संघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. बोल्टनने १९२६ आणि १९२९ मध्ये पुन्हा कप जिंकला. तिन्ही अंतिम सामन्यांत डिक पिमवर एकही गोल झाला नाही. डेव्हिड जॅकला १९२८ मध्ये आर्सेनलने १०,८९० पौंडांना विकत घेतले. दहा हजारांच्या वर गेलेली ती जगातली पहिली फुटबॉल खरेदी. वेस्ट हॅमला कप मिळाला तो १९६४ मध्ये, एकेचाळीस वर्षांनी.

जुने वेम्ब्ली पाडून त्याच जागी नवे स्टेडियम २००७ मध्ये उघडले. तिथल्या पादचारी पुलाला नाव कोणते द्यावे यावर लोकांचे मत घेतले गेले आणि ‘व्हाइट हॉर्स ब्रिज’ हे नाव निवडून आले. त्याच स्टेडियमवर ११ जुलै २०२१ रोजी इंग्लंड आणि इटली यांच्यातला युरो स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्या दिवशी सुमारे दोन हजार माणसे दारे फोडून विनातिकीट आत घुसली. सामना इटलीने पेनल्टीवर जिंकला. बॅरोनेस केसी यांच्या चौकशी अहवालाने नोंदवले की इंग्लंड जिंकले असते तर बाहेर थांबलेले आणखी हजारो लोक दारे उघडताच आत लोटले असते, आणि जीवितहानी थोडक्यात टळली.